फेस बसल्यावर

गेल्या वेळी मी सहज लिहून गेले, की जड, माल्टच्या (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) अंगाच्या एलला, म्हणजे एका प्रकारच्या बिअरला, पहिल्या घोटावर गुण देऊन मोकळ्या होणाऱ्या माणसाशेजारी मला परीक्षक म्हणून बसवू नका. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. काही रागावलेली, बरीचशी गोंधळलेली. या वेळचं सदर त्यांनाच देते.

प्रश्न : ताई, घरी बिअर बनवणाऱ्या आमच्या गटाची स्पर्धा आहे आणि मला पहिल्यांदाच परीक्षकाच्या खुर्चीत बसवलंय. वाट्याला आलाय ‘वी हेवी’ हा स्कॉटिश प्रकार, नऊ टक्क्यांच्या आसपास मद्य असलेला. आजवर मी बिअर ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ इतकंच म्हणत आलोय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : फ्रिजपासून. बाटली वेळेत बाहेर काढा. चार अंशांवर ही एल मुकी असते. थंडीत वास द्रवातून उठत नाही, जीभ बधिर होते, आणि कळतो तो फक्त बुडबुड्यांचा चटका आणि मागचा कडवटपणा. 10 ते 13 अंशांवर ती तोंड उघडते. खोली किती गरम आहे त्यावर वेळ ठरते, म्हणून अंदाजाने जाऊ नका, पहिल्या बाटलीत चक्क थर्मामीटर बुडवा. लोक हसतात, हसू देत.

ग्लास तोंडाशी निमुळता घ्या आणि एक तृतीयांशच भरा, वरची मोकळी जागा वासासाठी असते. साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंश राहिला तर फेस लगेच मरतो आणि तुम्ही बिचाऱ्या एलला दोष देता. तशीही या ताकदीच्या एलचा फेस अल्पायुषी असतो. एवढं मद्य फेसाला फार काळ टिकू देत नाही. त्यामुळे फेस बसला म्हणून गुण कापायची घाई नको.

आता नाक. ओतल्याबरोबर पहिला छोटा हुंगा घ्या आणि जे सुचेल ते लिहून टाका, कारण काही वास पहिल्या मिनिटातच उडून जातात. मग तळव्याने ग्लास झाकून हलकेच फिरवा, हात काढा आणि पुन्हा हुंगा. कागदावर ‘छान’, ‘मस्त’, ‘रिच’ असं काही लिहायचं नाही. वस्तूचं नाव लिहायचं: पावाची भाजलेली कड, मनुका, करपायला आलेली साखर, अंजीर, जुनं लाकूड. नाव सुचत नसेल तर तो वास शेवटचा कुठे आला होता ते आठवा. ‘शाळेची पेन्सिल छिलताना’ ही नोंद ‘कॉम्प्लेक्स’ या शब्दापेक्षा शंभरपट उपयोगी.

घोट घेतल्यावर तो जिभेवर पसरू द्या, गिळा, ओठ मिटा आणि नाकाने श्वास बाहेर सोडा. निम्मा माल्ट त्या श्वासाबरोबर येतो. थुंकू नका. गिळल्यानंतर घशात काय उरतं, किती वेळ उरतं, मद्याची ऊब कुठे लागते, यालाच तर गुण द्यायचेत.

गुणांचा हिशेब हवा असेल तर अमेरिकेत 1985 साली सुरू झालेल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमचा, म्हणजे बीजेसीपीचा 50 गुणांचा कागद जगभर चालतो: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5, एकूण ठशाला 10. रूपाला तीनच का, असं मला नेहमी विचारतात. कारण डोळा फार लबाड. फ्रान्समध्ये वाइन शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. 2001 साली छापून आलेला हा प्रयोग मी दर नव्या परीक्षकाला सांगते. गडद तांबूस एल दिसली की आपल्याला मनुका ‘लागायला’ लागतात.

आणि मुख्य गोष्ट: पहिले गुण पेन्सिलने द्या. ग्लास बाजूला सारा, दुसऱ्या नमुन्याकडे वळा, वीस-पंचवीस मिनिटांनी परत या. माझ्या वहीत यासाठी दोन रकाने असतात, ‘आधी’ आणि ‘नंतर’. एका वी हेवीची माझी ‘आधी’ची नोंद होती: ‘पावाची कड, जरा कडसर, शेवट तुटका, 31.’ ‘नंतर’ची: ‘मनुका, करपल्या साखरेची तार, छातीत ऊब, शेवट लांब आणि कोरडा, 38.’ एल तीच, ग्लासही तोच, फक्त ती पाच अंशांनी कोमट झाली होती. उलटंही होतं. पहिल्या घोटाला दणदणीत वाटलेली एल कोमट झाली की तिचं बिंग फुटतं.

प्रश्न : मी कागदावर ‘माल्टी’ लिहिलं तर शेजारचे म्हणाले, ‘गोड म्हण की सरळ.’ खरंच काही फरक असतो का?

उत्तर : असतो. आणि तो समजण्यासाठी पुस्तक लागत नाही, दोन बोटं पुरतात. नाक चिमटीत धरून घोट घ्या. जिभेला जे कळलं तो गोडवा. आता बोटं सोडा. अचानक जे आत शिरतं, बिस्किट, भाजका सुका मेवा, पावाचा वरचा पापुद्रा, तो माल्ट. गोडवा जिभेचा, माल्ट नाकाचा.

मोड आलेली बार्ली भट्टीत वाळवताना आणि भाजताना तिच्यातली साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेने एकमेकांशी भिडतात आणि तपकिरी रंगाचे, खमंग वासाचे पदार्थ तयार होतात. लुई-कामीय माययार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1912 मध्ये ही प्रक्रिया मांडली. पावाची कड तांबूस होते तीही याच प्रक्रियेने. यातल्या खमंगपणाला स्वतःचा गोडवा असलाच पाहिजे असं मुळीच नाही. हाडासारखी कोरडी आणि तरी अस्सल माल्टी एल असू शकते.

गोडवा येतो तो यीस्टने न खाल्लेल्या साखरेतून. समजा वॉर्टची, म्हणजे आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्याची, सुरुवातीची घनता (साधं पाणी 1 धरून) 1.090 होती आणि आंबून झाल्यावर ती 1.024 वर थांबली. दोन्हींतला फरक 0.066, त्याला 131.25 ने गुणलं की मद्य सुमारे 8.7 टक्के. ही एल भरीव लागेल, पण नीट उतरेल. तेच यीस्ट मध्येच दमलं आणि आकडा 1.036 वर अडकला, तर मद्य 7.1 टक्क्यांवर राहतं आणि उरलेली साखर तुमच्या ग्लासात येते. त्या एलला लोक ‘काय माल्टी आहे!’ म्हणतात. ती माल्टी नसते, अर्धवट असते. परीक्षकाच्या हाती आकडे नसतात, पण तोंडाला कळतं: तिसऱ्या घोटाला गोडाची मिठी बसली आणि ग्लास आपसूक लांब सरकवला, की समजायचं काम अर्धवट सुटलंय.

तोलाची दुसरी बाजू कडवटपणाची. वी हेवीत हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा, कडवटपणा साधारण 17 ते 35 आयबीयू (हे कडवटपणाचं माप), इंग्लिश बार्ली वाइनमध्ये (नाव वाइनचं, पण असते कडक एलच) 35 ते 70, अमेरिकन बार्ली वाइनमध्ये 50 ते 100. पण नुसता आकडा फसवतो. 30 आयबीयू 1.040 च्या हलक्या बिअरमध्ये चांगले टोचतील, 1.090 च्या एलमध्ये ते माल्टच्या पोटात गडप होतात. म्हणून वी हेवी हातात घेऊन ‘हॉप्स कमी पडले’ असं लिहिणाऱ्यांची मला गंमत वाटते. तिला मागच्या बाजूने सावरण्यापुरतेच हॉप्स हवेत, पुढे येऊन बोलायला नकोत.

प्रश्न : स्कॉच एलमध्ये, म्हणजे वी हेवीत, पीटच्या (दलदलीतल्या वाळवलेल्या, जळणाच्या मातीच्या) धुराचा वास हवाच, असं आमचे एक अनुभवी मित्र सांगतात. मी चाखलेल्या चांगल्या एलमध्ये तो नव्हता. गुण कापू?

उत्तर : मित्र बहुधा व्हिस्कीचे शौकीन असावेत. स्कॉटलंड म्हटलं की धूर, अशी एक गाठ डोक्यात बसलेली असते. पारंपरिक स्कॉटिश एलमध्ये पीटवर धुरावलेला माल्ट नसतो, बीजेसीपीची मार्गदर्शिकाही तो या प्रकारात बसत नाही असंच म्हणते. स्कॉटलंडमधल्या ट्रॅक्वेअर हाउस या जुन्या वाड्यातली बिअरची भट्टी घराण्याचे विसावे लेअर्ड, म्हणजे जमीनदार, पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांनी 1965 मध्ये पुन्हा पेटवली. तिथली 7.2 टक्क्यांची एल आजही ओकच्या लाकडी पिंपांत आंबते. धूर नाही, तरी या प्रकाराचा नमुना म्हणून सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात.

तिच्यातलं जे खोल, किंचित मातकट, करपट वाटतं ते थोड्याशा भाजलेल्या बार्लीतून, लांब उकळण्यातून आणि थंडाव्यात सावकाश आंबवण्यातून येतं. काही जण पहिला दाट वॉर्ट वेगळा काढून पार आटवतात आणि मग उरलेल्यात मिसळतात. हात दुखेपर्यंत ढवळावं लागतं, पण जी करपल्या साखरेची तार मिळते ती दुसरं काही घालून मिळत नाही.

धूर लागलाच तर तो कुठला ते बघा. लवंगेसारखा किंवा औषधी पट्टीसारखा असेल तर ती यीस्टची, जंतुसंसर्गाची किंवा पाण्यातल्या क्लोरीनची करणी. तिथे मात्र खुशाल कापा.

प्रश्न : जितकी काळी तितकी कडक, हे बरोबर ना?

उत्तर : नाही. मूठभर भाजलेली बार्ली हलक्यातल्या हलक्या बिअरलाही काळं करते, आणि बेल्जियन ट्रिपल सोनेरी असून नऊ टक्क्यांपर्यंत सहज जाते. पुढचा प्रश्न.

प्रश्न : माझ्या साडेनऊ टक्क्यांच्या एलला एका परीक्षकाने 38 दिले, दुसऱ्याने 27. दुसऱ्याने शेरा मारला: ‘जळजळीत, थिनरसारखी, घाईत केलेली.’ एवढं मद्य असल्यावर जळजळणारच ना? अन्याय वाटतो.

उत्तर : अकरा गुणांचं अंतर तसंच ठेवून कागद तुमच्या हातात दिला असेल तर तो त्या टेबलाचा ढिसाळपणा. परीक्षकांनी बोलून सात गुणांच्या आत यावं, असा साधारण शिरस्ता आहे. तिथवर मी तुमच्या बाजूने.

पण ‘जळजळणारच’ हे मला मान्य नाही. ऊब आणि जळजळ या दोन वेगळ्या गोष्टी. ऊब गिळल्यानंतर छातीत पसरते आणि माल्टला उचलून धरते. जळजळ आधी नाकात टोचते आणि जिभेवर एकटीच उभी राहते. मी 19 वर्षं रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. इथाइल ॲसिटेट मला झोपेतही ओळखू येईल. अगदी थोडं असेल तर पिकल्या नासपतीसारखं बरं वाटतं, जरा वाढलं की थेट नेलपॉलिश काढायच्या बाटलीत नाक घातल्यासारखं. तुमच्या परीक्षकाने ‘थिनर’ लिहिलं असेल तर त्याला शिवी समजू नका, निदान समजा.

कारण बहुतेक वेळा यीस्टच्या हालात असतं. दाट वॉर्टमध्ये साखर बक्कळ, प्राणवायू कमी, आणि यीस्ट अपुरं. त्यात पहिले तीन दिवस आंबण्याची स्वतःची उष्णता पिंप गरम करते. आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी चढतं आणि आपल्याला पत्ताच नसतो. अशा घुसमटीत यीस्ट फ्युझेल नावाची जड अल्कोहोलं आणि हा थिनरचा वास भराभर सोडतं. वीस लिटर 1.090 च्या वॉर्टला साधारण 320 अब्ज पेशी लागतात, आणि द्रवरूप यीस्टच्या नेहमीच्या पाकिटात ताजेपणी 100 अब्जांच्या आसपास. एकाच पाकिटावर भागवलंत का? मला वाटतं, भागवलंत. पुढच्या वेळी यीस्ट आधी वाढवून घ्या, वॉर्टमध्ये भरपूर हवा खेळवा, आणि पहिले तीन-चार दिवस आतलं तापमान 16 ते 18 अंशांत धरा, खोलीचं नव्हे. वर्षभर ठेवली तर ही जळजळ थोडी बोथट होईल, जाणार नाही.

आता माझीच एक फजिती सांगते, म्हणजे तुमचा राग उतरेल. आमच्या सरावात माझा दीर ग्लास भरतो आणि आम्ही न बघता चाखतो. एकदा तिसऱ्या ग्लासला मी 26 दिले आणि शेरा लिहिला: ‘वास उग्र, बनवणाऱ्याला धीर नाही.’ दिराने बाटली समोर ठेवली. माझ्याच हस्ताक्षरातलं लेबल! पाहुणे येणार म्हणून मी ती पंधरा दिवस आधीच बाटलीत भरली होती. दिराने तो कागद अजून जपून ठेवलाय.

तेव्हा तुमची ती एल स्वतः एकदा न बघता चाखा. त्रिकोण चाचणी करा: तीन ग्लास, दोनांत तुमची एल आणि एकात त्याच प्रकारची दुसऱ्याची. वेगळा ग्लास कुठला ते सांगायचं. एकदा बरोबर येणं नशिबाचंही असेल, तीनांत एक शक्यता असतेच. चाचणी चार वेळा करून चारही वेळा बरोबर आलं तर नशिबाची शक्यता 81 मध्ये एक. मग तो वेगळेपणा कशाचा, थिनरचा की माल्टचा, ते तुमचं नाकच सांगेल.

प्रश्न : तीन वर्षं जपलेली बार्ली वाइन उघडली. मला शेरी या स्पॅनिश वाइनसारखी लागली, बायकोला ओल्या पुठ्ठ्यासारखी. कोण बरोबर?

उत्तर : दोघंही असाल. दोन्ही प्राणवायूचीच कामं. पुठ्ठा किंवा जुना कागद ही खूण बहुतेक एका रेणूची, ट्रान्स-2-नोनेनल. हलक्या बिअरमध्ये तो काही महिन्यांत हजर होतो. जड एलमध्ये त्याच्या जोडीला बदाम, मनुका, शेरी अशी वळणं येतात आणि नशीब बरं असेल तर पुठ्ठा त्यांच्याखाली दबतो. पाच मिनिटं थांबून पुन्हा हुंगा. शेरी पुढे आली आणि खाली माल्टचा आधार अजून उभा असेल तर म्हातारपण शोभतंय. माल्ट ढासळून नुसता ओला कागद उरला असेल तर बायको जिंकली.

आणखी दोन वास ओळखून ठेवा. सोया सॉससारखा, मांसल वास म्हणजे तळाशी मेलेलं यीस्ट फुटू लागलंय. चामड्यासारखा, तबेल्यासारखा वास ब्रेटानोमायसिस या रानटी यीस्टचा. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हेल्टे क्लाउसेन यांनी 1904 मध्ये साठवणीच्या इंग्लिश एलमधूनच ते शोधलं, म्हणून त्याच्या नावाचा अर्थ ‘ब्रिटिश बुरशी’. जुन्या साठवणीच्या एलमध्ये त्याची पुसट छटा मी चालवून घेते, किंबहुना मला आवडते. वी हेवीत आली तर तो दोषच.

पुढची बाटली अंधारात उभी ठेवा, साधारण बारा अंशांवर. आडवी ठेवायची चाल वाइनच्या बुचासाठी आहे. उजेडाचं मात्र मनावर घ्या: हॉप्समधले कडू घटक उजेडाने बिघडतात आणि जो वास सुटतो तो थेट स्कंक नावाच्या प्राण्याचा. पारदर्शक आणि हिरव्या बाटल्यांना तो लवकर गाठतो.

प्रश्न : एका बैठकीत अशा किती एल चाखाव्यात?

उत्तर : हिशेब करू. नऊ टक्क्यांच्या 330 मिलीच्या बाटलीत सुमारे 23 ग्रॅम शुद्ध मद्य असतं, पाच टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये 13. परीक्षणात 50 मिलीचे आठ नमुने म्हणजे 400 मिली, 28 ग्रॅम. ‘फक्त घोटघोट तर घेतोय’ म्हणता म्हणता एका बाटलीच्या पुढे गेलात. मी सहावर थांबते, मधे पाणी पिते, आणि घरी जाताना गाडी दुसरंच कुणी चालवतं. क्रम हलक्याकडून जडाकडे. सर्दी असेल तर त्या दिवशी खुर्ची दुसऱ्याला द्या. नाक बंद असताना तुम्ही फक्त गोडवा आणि कडवटपणा मोजत असता.

सहाच का, तर वहीमुळे. जुनी पानं चाळताना लक्षात आलं, की सातव्या ग्लासपासून माझे गुण चढायला लागतात आणि शेरे आखूड होतात. तेव्हापासून सहावा ग्लास झाला की पहिला पुन्हा उचलते आणि कागद न बघता नव्याने गुण देते. आधीच्या गुणांपेक्षा तीनहून जास्त फरक पडला, तर सहाही नमुने दुसऱ्या दिवशी परत चाखते.